न पोळणारा हात

हे मी उजव्या हातानं लिहितोय. आठ महिन्यांपूर्वी या हातात पेन दिलं असतं तर ते कधी गळून पडलं हे मला कळलं नसतं. टक्क आवाज झाला की मी खाली बघायचो. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, रोज अर्धं पान लिहा, काहीपण लिहा, बोटांना वळण लागेल. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. पहिले चार दिवस नुसतं नाव आणि गाव लिहीत बसलो. मग वाटलं, झालं तेच लिहावं. कुणाच्या तरी हाताला मुंग्या येत असतील आणि तो माझ्यासारखाच गप्प बसला असेल. त्याला वाचता येत नसेल तर कुणीतरी वाचून दाखवा.

माझं नाव मेहबूब. घर मुरुमला, उमरगा तालुक्यात. घरी अम्मी, बायको रेहाना आणि नववीत शिकणारी मुलगी सना. मी मात्र चौदा वर्षं झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, सोनारीच्या जवळ, तात्यांच्या खव्याच्या भट्टीवर. सकाळी एसटीनं निघालं तरी गाड्या बदलत घरी पोचायला दिवस मोडतो. म्हणून वर्षात तीन-चारदाच जाणं होतं. भट्टीमागच्या खोलीत राहतो, जेवण तात्यांच्या घरचं. तात्यांची बायको म्हणजे आमच्या मालकीण, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो.

गिलास

आमच्याकडं चहा स्टीलच्या गिलासात मिळतो, तोही थेट उकळीचा. नवा माणूस गिलास फडक्यात धरतो. जुना माणूस तसाच उचलतो. भट्टीवर कोण किती मुरला ते त्यावरून कळतं.

दुसरी गोष्ट खव्याची. आमच्या एका कढईला आता मोटर आहे, पण शेवटी दूध आटत आलं की लांब दांड्याचं उलथणं घेऊन हातानंच घोटावं लागतं. खवा झाला का, हे कारागीर चिमटीनं बघतो. कढईतनं गरम खवा अंगठा आणि दोन बोटांत उचलायचा, चोळायचा, गोळी करायची. चिकटला नाही आणि बोटाला रव्यासारखा दाणा लागला की चुलीतला जाळ बाहेर ओढायचा. पहिली दोन-तीन वर्षं बोटं भाजतात. मग कातडी जाड होते. 'याचा हात मेलाय' असं आमच्यात कौतुकानं म्हणतात.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात माझ्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. झोपेतून उठून हात झटकायचो, मग बरं वाटायचं. दिवसभर उलथणं फिरवतो, येणारच मुंग्या, असं मी धरून चाललो. काही महिन्यांनी मुंग्या कमी झाल्या. एक दिवस मी चुलीवरच्या भांड्यातून नुकताच भरलेला गिलास उचलला आणि निवांत धरून बसलो. माझ्या जोडीचा कारागीर बिभीषण बघतच राहिला.

"तात्या, ह्यो बघा. मेहबूबभाईचा हात माणसाचा न्हाय, पत्र्याचा हाय."

तात्या हसले. म्हणाले, "बारा वर्षं खाल्लीत त्यानं. तू अजून फडकं शोधतूस."

मी तो चहा मुद्दाम सावकाश प्यालो. मला खरंच गरम लागत नव्हतं आणि मी खुशीत होतो. एवढी मोठी चूक मी आयुष्यात दुसरी केलेली नाही.

पोस्टर

मग शर्टाचं बटण लागेना. मोबाईलवर बोट कुठं पडतंय ते बघून ठेवावं लागायचं. अंगठ्याखालचा गुबगुबीत भाग खोलगट दिसायला लागला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खव्याचा दाणा कळेना. चिमटीत खवा आहे का नाही एवढंच कळायचं, तेही डोळ्यांनी. मी वासावर जायला लागलो, बुडबुड्यांच्या आवाजावर जायला लागलो. कुणी बघत नसलं की डाव्या हातानं चिमटी घ्यायचो.

आठवडी बाजारात एक मालिशवाला बसतो. त्यानं मनगट इतकं रगडलं की दोन दिवस सूज होती. शीर आखडली म्हणाला. मला आधी लकव्याची भीती होती. मग परंड्याला सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर एक पोस्टर वाचलं. कातडीवर बधिर चट्टा, गरम-थंड न कळणं, चटका बसला तरी न दुखणं. खाली रोगाचं नाव होतं. आमच्याकडं त्याला महारोग म्हणतात. मी हात खिशात घातला आणि दारातूनच माघारी फिरलो.

आत गेलो असतो तर दहा मिनिटांत कळलं असतं. पण मी खाण्याच्या वस्तूला हात लावणारा माणूस. आमच्या खव्याचे पेढे जत्रेत भैरवनाथापुढं ठेवतात, लोक ते लेकरांच्या तोंडात घालतात. तात्यांच्या भट्टीवरच्या कारागिराला असलं काही आहे, एवढं वाक्य बाजारात गेलं तरी भट्टी बसली. घरी सनाचं काय, अम्मीचं काय, हे वेगळंच. भट्टीवर मी माझी ताटली वेगळी ठेवली. खोकला आहे म्हणून सांगितलं.

ईदला घरी गेलो. सना सलाम करायला वाकली, तिच्या डोक्यावर मी डावा हात ठेवला. तिनं वर बघितलं. जेवताना घास सुटून ताटात पडायला लागले म्हणून चमचा मागितला. रेहाना म्हणाली, "चमच्यानं कधीपासून? साहेब झाले काय?" मी हसलो नाही. दोन दिवस आधीच परत निघालो. ती स्टँडवर आली नाही.

जत्रेच्या आधीची कढई

सोनारीची जत्रा जवळ आली की आमच्याकडं दम घ्यायला उसंत नसते. त्या दिवशी पेढेवाले दारात उभे होते, तात्या माझ्या खांद्याशी. "झाला का रं मेहबूब?"

एवढ्या डोळ्यांपुढं डावा हात कसा घालणार. मी उजवा घातला. काही कळेना. जरा दाबून बघितलं. तरी दाणा लागेना. म्हणून बोटं आणखी आत रोवली आणि तिथंच ठेवली, शोधत.

बिभीषणानं माझं मनगट धरून ओढलं. "बोटं काढ की. आरं, बोटं."

पहिली दोन बोटं पांढरी फटक पडली होती. बघता बघता फोड उठले. मला दुखत होतं फक्त तिसऱ्या बोटाच्या बाहेरच्या कडेला. बाकी हात दुसऱ्याचा असावा तसा मी बघत होतो. या वेळी कुणी पत्रा म्हणालं नाही. खवा तळाला लागल्याचा वास सुटला तरी कुणी जाळ ओढला नाही.

तात्यांनी माझा हात हौदात बुडवला. "कधीपास्नं?"

तोंडातून निघूनच गेलं. "तात्या, मला महारोग झालाय. तरी मी कढईला हात लावत राह्यलो. मला माफ करा."

तात्या हात सोडतील असं वाटलं. त्यांनी सोडला नाही. अक्का दारात उभ्या होत्या. त्या पुढं आल्या.

"कुण्या डॉक्टरनं सांगितलं?"

"कुणी न्हाय."

"मग तूच डॉक्टर झालास व्हय? उठ. कापडं बदल."

त्या दिवसाची कढई तात्यांनी ओतून दिली. मला ते बिभीषणाकडून कळलं, तात्यांनी आजपर्यंत त्याचा विषय काढलेला नाही.

धाराशिवची रांग

परंड्याला मलमपट्टी झाली. तिथल्या डॉक्टरांनी अंग सगळं बघितलं आणि धाराशिवला जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तात्या स्वतः बरोबर आले. बार्शीमार्गे गाडीत आम्ही एका बाकावर बसलो होतो आणि मी खिडकीला चिकटून अंग चोरून होतो. तात्या म्हणाले, "सरळ बस. मला जागा लई झाली."

हाताचे पेशंट एका बाकावर बसवले होते. माझ्या शेजारी एक टेलर काका. त्यांचं मधलं बोट सकाळी मिटलेलंच राहायचं, दुसऱ्या हातानं ओढलं की कट्कन उघडायचं. ते प्रत्येकाला उघडून दाखवत होते. पलीकडं तान्ह्या बाळाची आई. बाळाला उचललं की अंगठ्याच्या बाजूनं मनगटात कळ जायची. तिची सासू म्हणत होती, "आमी पाच उचलली, आमाला न्हाय झालं." टेलर काका म्हणाले, "तुमच्या मनगटाला कुणी विचारलं होतं का पण?" सून पदरामागं हसली. एका कॉलेजच्या मुलीच्या मनगटावर लिंबाएवढी गाठ होती, दुखत काही नव्हती. "आणि तुमचं काय?" काकांनी मला विचारलं. मी पट्टी बांधलेला हात मांडीखाली घातला. "भाजलंय," म्हणालो.

आत डॉक्टर मॅडम होत्या. माझ्याहून लहान असतील. डोळे मिटायला लावले आणि कापसानं बोटांना शिवत गेल्या. कुठं लागतंय सांगा. मी बराच वेळ काहीच सांगितलं नाही, मला वाटलं त्यांनी अजून सुरूच केलं नाही. मग दोन्ही तळहातांच्या पाठी एकमेकींना लावून मनगटं वाकवून धरायला लावली. थोड्या वेळातच मुंग्यांचं वारूळ फुटलं.

"करंगळीचं काय?" त्यांनी विचारलं.

"करंगळी चांगली आहे. तिला सगळं कळतं."

"पहिल्यापासून?"

"हो."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"मला वाटलं आजारी बोटांचंच विचारणार."

त्या हसल्या. माझ्या दंडाच्या, कोपराच्या शिरा चाचपल्या, पाठ बघितली. मी जीव मुठीत धरून विचारलं, "मॅडम, ते महारोग..."

"नाही. आणि असता तरी गोळ्यांनी बरा झाला असता. लपवण्यासारखं त्यातही काही नाही."

मी तिथंच रडलो. तात्या भिंतीकडं बघत उभे राहिले.

त्यांनी पेन्सिलीनं कागदावर मनगट काढून दाखवलं. हाडांच्या मधून एक अरुंद बोळ जाते. त्यातून बोटं हलवणाऱ्या दोऱ्या जातात आणि एक नस. बोळ दाटली की नस दबते. अंगठा, पहिली दोन बोटं आणि तिसऱ्याचं अर्धं, एवढ्यांना ती नस पुरते. करंगळीची नस वेगळ्या वाटेनं येते, म्हणून ती शाबूत. त्याला कार्पल टनेल म्हणतात. वर्षानुवर्षं मनगट वाकवून जोर लावणाऱ्यांना हा आजार होतो, आणि साखर किंवा थायरॉईड असणाऱ्यांनाही, म्हणून रक्त तपासायला सांगितलं.

मी सुटलो असं वाटलं तेवढ्यात त्यांनी माझा अंगठ्याखालचा खोलगट भाग दाबला. "हा स्नायू वाळायला लागलाय. मुंग्या येत होत्या तेव्हा आला असतात तर रात्री मनगटाला पट्टा बांधायला दिला असता, फार तर एक इंजेक्शन. मुंग्या कमी झाल्या तेव्हा तुम्हाला बरं वाटलं असेल. ते बरं होणं नव्हतं."

गिलासाचं मी त्यांना सांगितलं नाही. लाज वाटली.

बाहेर आलो तर टेलर काका बोट उंच धरून बसले होते. त्यांना इंजेक्शन मिळालं होतं, त्यानं नाही झालं तर छोटा छेद. बाळाच्या आईला अंगठ्याचा पट्टा आणि बाळ तळहातावर उचलायची पद्धत शिकवली होती. गाठवाल्या मुलीला सांगितलं, दुखत नाही तर तशीच राहू दे. सगळ्यांत मोठं माझंच निघालं.

कागद

नसेला करंट देऊन तपासणी झाली. ऑपरेशन ठरलं. मग रेहानाला फोन केला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मेरेकू कैकू नै बोले?" मी म्हणालो, तुला त्रास नको म्हणून. "सनाच्या डोक्यावर डावा हात ठेवला तेव्हा त्रास नाही झाला काय? ती पोरगी आठ दिवस विचारत होती, अब्बा माझ्यावर नाराज आहेत का." तिचा राग बरोबर होता. अक्कांना तिच्या आधी कळलं, याचा तर जास्तच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टरनी सहीचा कागद दिला. बारीक अक्षरं. मला वाचायला येतं, पण घाबरलं की ओळी पळतात. मी फोटो काढून सनाला पाठवला. तिनं फोनवर वाचून दाखवला, शाळेत धडा वाचतात तसा. भूल फक्त हाताला. छेद तळहाताच्या बुडाशी. रक्तस्राव, जंतुसंसर्ग. मग ती थांबली.

"वाच की."

"अब्बा, पुढं लिहिलंय की गेलेली संवेदना पूर्ण परत येईलच असं नाही."

"आणि?"

"आणि सही करायची."

मी उजव्या हातानं सही केली. ती माझ्या नावासारखी दिसत नव्हती.

टेबलावर

भुलीची सुई मनगटात गेली ती मात्र दुखली. हिरवं कापड टाकलं. जागाच होतो. मॅडम म्हणाल्या, "खवा कसा करतात सांगा."

"दूध आटवायचं."

"एवढंच? मग मी पण करते."

मग मी सांगत गेलो. म्हशीचं दूध असलं तर पाच लिटरला किलोभर उतरतो, गाईचं असलं तर कमी. जाळ कधी मोठा, कधी बारीक. कडेचं खरवडून मधे आणायचं, नाहीतर करपतो. "आणि झाला हे कसं कळतं?" त्यांनी विचारलं. कापडाखाली काहीतरी ओढल्यासारखं झालं.

"चिमटीनं," मी म्हणालो.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "नस मोकळी केलीय. आता तिला वेळ द्यायचा."

अर्धा तासही लागला नाही. दीड वर्षाची माझी भीती, आणि मॅडम हातमोजे काढून पुढच्या पेशंटकडं गेल्या.

ज्वारी, साखर, रवा

रेहाना आली. मुरुमहून एकटी, अम्मीला शेजारणीवर सोपवून. पंधरा दिवस अक्कांच्या घरात राहिली. पहिल्या दिवशी दोघी एकमेकींशी नुसत्या 'घ्या' आणि 'नको' एवढंच बोलत होत्या. तिसऱ्या दिवशी दोघी मिळून मला बोलत होत्या. अक्का म्हणाल्या, "नवऱ्याची जात. दुखलं की मांजरासारखं कोपऱ्यात जाऊन बसतंय." रेहाना म्हणाली, "मांजर तरी ओरडतंय, अक्का." ती मला घास भरवायची, चमच्यानं नाही, हातानं. न बोलता. टाके निघाले त्या दिवशी बोलली. "आता काय असंल ते पहिलं मला."

रात्रीचं अधूनमधून हात झटकून उठणं लगेच थांबलं. बाकी काही झालं नाही. महिना गेला. तळहात दाबला की कळ यायची, दुधाचा कॅन उचलवत नव्हता. तात्यांनी मला दूध तपासायला बसवलं. चिमटी बिभीषण घ्यायचा. प्रत्येक कढईला मला विचारायचा, "मेहबूबभाई, बरोबर वाटतंय का?" तो मान ठेवायला विचारत होता. मला ते ऐकवत नव्हतं. एकदा म्हणालो, "तुझी बोटं हायत, तू बघ." संध्याकाळी मीच जाऊन त्याच्या शेजारी बसलो.

व्यायामाच्या ताईंनी तीन वाट्या करायला सांगितल्या होत्या. ज्वारी, साखर, रवा. डोळे मिटून बोट घालायचं आणि ओळखायचं. अक्का वाट्यांची जागा बदलून ठेवायच्या. दुसऱ्या महिन्यात ज्वारी कळली. चौथ्यात साखर, तीही कधी कधी. रवा कळेना. आणि खव्याचा दाणा म्हणजे रवाच. तपासणीला गेलो की मॅडम म्हणायच्या, नस फार सावकाश वाढते, वाट बघा. मी बाहेर येऊन बाकावर बसायचो. ज्याला नुकत्याच मुंग्या सुरू झाल्यात असा कुणी भेटला की त्याला करंगळीचं विचारायचो. एक-दोघं मला डॉक्टर समजले.

त्यांना मी जे सांगायचो तेच इथं सांगतो. हात झटकून बरं वाटतंय म्हणून बसू नका. रगडून घेऊ नका. भाजत नाही याचा अभिमान धरू नका. आणि भिंतीवरचं पोस्टर वाचून माघारी फिरू नका, ते दाराजवळ असतं ते आत जाण्यासाठी.

फडकं

गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळचा चहा झाला होता. मी कितीतरी महिने गिलास डाव्या हातानं घेत होतो, पण त्या दिवशी बिभीषणाशी बोलता बोलता उजवा पुढं गेला. उचलला आणि सोडला. अर्धा चहा माझ्या पायावर.

"काय मेहबूबभाई," बिभीषण म्हणाला, "नवीन लागला व्हय कामाला? फडकं देऊ?"

मी बोटांकडं बघत होतो. पहिलं बोट लाल झालं होतं आणि दुखत होतं, बारीक, टोचल्यासारखं. अंगठापण. मधलं अजून अर्धंच आहे.

अक्का चुलीपाशी होत्या. त्यांनी वळून बघितलं. "पोळलं?"

"पोळलं, अक्का."

त्यांनी दुसरा गिलास भरला आणि माझ्या उजव्या बाजूला ठेवला. मी बिभीषणाकडून फडकं मागून घेतलं, आणि नव्या माणसासारखा गिलास फडक्यात धरून चहा प्यालो.